माझ्या नकाशातला तलाव

९ नोव्हें., रवि.

मागची खोली आवरली. हातानं केलेल्या वस्तूंची यादी एकदा नीट लिहायची होती, ती आज लिहितो.

१. मोजणीचं चाक. जुन्या सायकलचं पुढचं चाक, शिसमाचा दांडा, आकडे दाखवणारी डबी मोडक्या टेपरेकॉर्डरची. किलोमीटरमागे फरक दोन मीटरच्या आत.

२. लाकडी जबलपूर. प्लायवूड चार फूट बाय तीन. त्यावर दीड सेंटिमीटरचे ठोकळे, ८० आडवे, ६० उभे, एकूण ४८००. एक ठोकळा म्हणजे जमिनीवरचे तीनशे बाय तीनशे मीटर. हिरवा जंगल, पिवळा शेत, लाल वस्ती, निळा पाणी, करडा पडीत. ठोकळे चिकटवलेले नाहीत, बसवलेले आहेत. टूल रूममध्ये बत्तीस वर्षं काढलेल्याला हा फरक कळतो.

३. प्रोग्राम. १,३१२ ओळी. उपग्रहाचं जुनं आणि नवं चित्र घेतो, तीस-तीस मीटरचे चौकोन पाडतो, कशाचं काय झालं ते मोजतो. जंगलाचं शेत किती, शेताची वस्ती किती. मग प्रत्येक चौकोनाचे शेजारी कोण, रस्ता किती दूर, हे बघून पुढच्या वीस वर्षांत कोणता चौकोन वस्ती होईल ते सांगतो. कोणाकडे शिकायला गेलो नाही. आय.टी.आय. फिटर, याच्यावर एक कागद नाही.

४. वह्या, अकरा.

५. हे सगळं ज्यावर ठेवलं ते टेबल.

शोभा चहा घेऊन आली. यादी वाचून म्हणे, "प्रज्ञाचा पाळणा राहिला ना." खरंच राहिला. ६. पाळणा. मग म्हणे, "अन् बाथरूमचा दरवाजा अजून घासतेच. एवढ्या ठोकळ्यांना रंदा मारला, त्याले पण एक हात मारा."

तो यादीत येत नाही.

११ नोव्हें.

शहराच्या नव्या आराखड्याचा मसुदा लोकांना बघायला ठेवलाय. हरकती ५ डिसेंबरपर्यंत. फॅक्टरी सुटल्यावर गेलो. जाड पुस्तक, साखळीनं टेबलाला बांधलेलं.

पान १८७, खालून तिसरी ओळ: "भूमि उपयोग प्रतिरूपण में सहयोग: श्री बी. के. मेश्राम, जबलपुर."

प्रतिरूपण म्हणजे मॉडेल, म्हणजे माझा प्रोग्राम. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून.

मसुदा भोपाळच्या कंपनीनं केला. तिथले अभिषेकजी मागच्या वर्षी सदर बाजारातल्या चहाच्या दुकानात भेटले होते. माझा सगळा नकाशा, प्रोग्रामसकट, त्यांना दिला. पैसे नको म्हटलं, नाव टाका म्हटलं. टाकलं. शब्दाचा माणूस. मला 'सर' म्हणतो. फॅक्टरीत वरचे 'मेश्राम' म्हणतात, बरोबरचे 'मेश्राम भाऊ'. सर कोणी म्हटलं नव्हतं.

पानाचा फोटो काढून प्रज्ञाला पाठवला. तिचं उत्तर: "बाबा छा गए." घरी आल्यावर शोभानं साखरेचा शिरा केला. 

१४ नोव्हें.

मसुद्यात बरगी रोडच्या अंगाला 'तलाव उद्यान' दाखवलंय. तलावाभोवती घरांचा 'आवासीय' पट्टा, आणि तिथवर जाणारा चोवीस मीटर रुंद नवा रस्ता. तो तलाव माझ्या प्रोग्रामनं शोधलेला आहे. सरकारी जुन्या नकाशात नव्हता. तेव्हा वही ७ मध्ये लिहिलं होतं, 'जुना नकाशा अपुरा.'

रविवारी बघून येतो. एक फोटो पाहिजे.

१६ नोव्हें., रवि.

स्कूटरला चाक बांधून गेलो. बरगी रोड सोडून डावीकडे कच्ची वाट. फोनवर निळा ठिपका बरोबर तलावाच्या मध्ये.

समोर गहू. नुकता उगवलेला, चार बोटं.

थोडं पुढे गेलो. गहू. परत आलो, दुसरीकडून गेलो. हरभरा. मातीचे उंच बांध, कमरेएवढे, एका ठिकाणी कापलेले.

एक म्हातारे गृहस्थ बांधावर बसले होते. हल्केलाल पटेल, सत्तरीचे असतील. जमीन त्यांचीच. विचारलं, "दादा, यहाँ तालाब किधर है?"

"कौन-सो तलाव?"

नकाशा दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन दूर धरला, मग शेताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ई में तो हम-तुम ठाढ़े हैं, भैया. डूबे काय नईं?"

त्यातच उभे आहोत, मग बुडलो का नाही, म्हणे. मग सांगितलं. पावसाळ्यात बांध घालून शेतात पाणी भरून ठेवतात. तीन-साडेतीन महिने. गवत आत सडतं, खत होतं, काळ्या मातीत ओल मुरते. दसऱ्याच्या पुढेमागे बांध कापतात, पाणी खालच्या शेतात सोडतात, आणि त्या ओलीवर गहू. वरून पाणी द्यावं लागत नाही. हवेली म्हणतात याला. त्यांच्या आजोबांच्या आधीपासून.

फोटो काढला नाही.

१७ नोव्हें.

झालं कसं ते लिहितो, म्हणजे झोप येईल.

वही ४, पान १, माझा नियम: सगळ्या वर्षांची चित्रं एकाच पंधरवड्याची घ्यायची, पावसाळा संपल्यावरच्या पहिल्या स्वच्छ आकाशाची. तेव्हा जंगल, पीक, माती वेगळी दिसते. नियम चांगला आहे. आजही चांगला आहे. पण त्या पंधरवड्यात हवेलीचे बांध कापलेले नसतात. दर वर्षी त्याच दिवसांत बघितलं, दर वर्षी पाणीच दिसलं. प्रोग्राम म्हणे, कायमचं पाणी.

पायी तपासणी केली होती. शंभर चौकोन. जंगल, शेत, वस्ती, पडीत. पाण्याचा एकही नाही. पाण्यात चाक चालत नाही, म्हणून.

आणखी एक. आईचं गाव भंडाऱ्याकडे. तिकडे शेतात पाणी म्हणजे धान, आणि धान नाही, नुसतं पाणी, म्हणजे तलाव. तिसरं काही असते हे या डोळ्यांना माहीतच नव्हतं. जन्म इथला, त्रेपन्न वर्षं इथलाच गहू खाऊन राहिलो.

१९ नोव्हें.

फेब्रुवारीचं चित्र उतरवून घेतलं. ज्या चौकोनांवर माझं निळं आहे ते गर्द हिरवे. खऱ्या तलावांचे तेवढे काळे.

एक चित्र जास्त बघितलं असतं तर.

२१ नोव्हें.

अभिषेकजींना फोन केला. खरं लिहायचं तर काहून केला? गुपचूप बदलून घ्यावं म्हणून. नवी फाइल देतो, जुनी काढा, कोणाला काही सांगायची गरज नाही.

ते म्हणे, "सर, अब डेटा फ्रीज हो गया है. किसी को गलती दिखी क्या?"

"मुझे दिखी."

तिकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "आप तीस को फ्री हैं? मैं जबलपुर आ रहा हूँ. तब तक इसको होल्ड पे रखिए."

बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर दरवाजाला रंदा मारला. आता घासत नाही. शोभा म्हणे, "कोणाचा राग काढून राहिले?"

२३ नोव्हें., रवि.

परत हल्के दादांकडे. आज मोजून आणायचं ठरवून गेलो होतो. पूर्ण पट्टा चाकानं चाललो, पायात चिखलाचे गोळे. दादा बरोबर चालत होते, काठी न घेता, माझ्यापेक्षा भरभर.

पाणी कसं जाते ते त्यांनी दाखवलं. वरच्या शेताचं पाणी खालच्यात, खालच्याचं त्याच्या खालच्यात, शेवटी नाल्यात. वरच्यानं बांध कापायच्या आधी खालच्याला विचारायचं. एकानं घाई केली तर दुसऱ्याची पेरणी बुडते. सगळं तोंडी, कुठे लिहिलेलं नाही. एक्केचाळीस घरं.

मसुद्यातला चोवीस मीटरचा रस्ता याच्या बरोबर मधून जातो. रस्त्याला भराव पडणार. भरावाच्या वरची शेतं दसऱ्यानंतरही भरलेली राहतील, खालची कोरडी. गहू दोन्हीकडे नाही.

त्यांच्या सूनबाईनं मट्ठा आणून दिला. पिता पिता विचारलं, हरकत का नाही दिली?

"गए थे. बाबू बोले, तुमाओ नाम खेत बारों की लिस्ट में हइयै नईं, कम्प्यूटर में तलाव चढ़ो है. हमने कही, साब, तलाव में गेहूँ होत है का? बे बोले, नक्सा बनाबे बारो जाने."

मी मट्ठा संपवला. ग्लास खाली ठेवला. नकाशा बनवणारा कोण, ते सांगितलं नाही.

२५ नोव्हें.

मोजणी झाली. बरगी रोडच्या त्या पट्ट्यात माझे निळे चौकोन २,३०६. खरं पाणी ४१२. उरले १,८९४, सगळे शेत. एक चौकोन नऊशे चौरस मीटर, म्हणजे १७० हेक्टर ४६ आर. चारशे एकवीस एकर गहू मी पाण्यात घातला.

लाकडी जबलपूरमध्ये ते एकोणीस ठोकळे. चिमट्यानं एकेक काढले, पॉलिश पेपरनं निळा घासला, पिवळा दिला. दोन हात. वाळायला खिडकीत ठेवले.

शोभा: "निळा बरा दिसत होता."

मी: "हो. दिसत होता."

२७ नोव्हें.

आज प्रोग्राम दुरुस्त करून चालवला. पाण्याचा नियम बदलला, फेब्रुवारीचं चित्र जोडलं, ओळी तेवढ्याच. वाटलं, आता तरी शेतं वाचतील.

उलटं झालं. पाणी होते तेव्हा त्या चौकोनांना माझा नियम हात लावत नव्हता, कारण पाण्याची वस्ती होत नाही. आता शेत झाले. नवा रस्ता जवळ, शेजारी आवासीय पट्टा. वीस वर्षांत १,८९४ पैकी १,१४० वस्ती.

तासभर नुसता बघत बसलो. मग लक्षात आलं की रस्ता मीच घातलाय, मसुद्यातला. तो काढून परत चालवला. ९६.

पहिला आकडा लिहितो: रस्त्यासकट १,१४०. दुसरा: रस्त्याविना ९६. मधला फरक शेताचा नाही, शहराचा नाही, त्या एका रेघेचा आहे. आणि रेघ तलावाकडे जायला काढली. आणि तलाव मी दिला.

इतकी वर्षं मी समजत होतो की प्रोग्राम पुढे काय होणार ते सांगतो.

३० नोव्हें., रवि.

सदर, तेच चहाचं दुकान. अभिषेकजी आधीच येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप बंद. समोसे मागवले. चांगला माणूस आहे, वाईट लिहिणार नाही. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन कसं झालं ते सांगितलं, मी विचारलं म्हणून.

दोन्ही आकडे दाखवले. त्यांना लगेच कळले. कोणाला इतक्या लवकर कळत नाहीत.

"सर, आपका ही मॉडल कह रहा है कि ग्यारह सौ चालीस तो बन ही जाएँगे. फिर आज तालाब लिखा हो या खेत, फर्क क्या है?"

"सड़क आई तो."

"सड़क तो आएगी."

"कहाँ से आएगी?"

"मसौदे में है न."

"मसौदे में क्यों है?"

चमचा बशीत फिरवत राहिले. मग हसले. मीही हसलो. "तालाब के लिए," ते म्हणे.

मग एक कागद पुढे केला. त्यांच्या कंपनीला आणखी तीन शहरांचे आराखडे मिळालेत. दोन वर्षांचं काम, जागेवरचा तज्ज्ञ म्हणून. नाव आत नाही, पहिल्या पानावर. आकडा टाइप केलेला होता. वाचला.

"किसान अपनी आपत्ति दें, अच्छी बात है, देनी चाहिए. बस उसमें आपका नाम न आए. जिस नक्शे पर काम हुआ है, उसका बनानेवाला ही बोले कि गलत है, तो अगले तीन शहर में हम क्या मुँह दिखाएँगे?"

म्हटलं, विचार करतो. कागद घडी करून खिशात ठेवला. फॅक्टरीत कोणी असा कागद दिला असता तर तिथेच परत केला असता. हा ठेवला.

१ डिसें.

घरी सांगितलं. शोभा भाजी निवडत होती.

"पहिल्या पानावर?"

"हो."

"फोटो पण?"

"फोटोचं बोलले नाहीत."

प्रज्ञा मराठी सगळं समजते, बोलताना घसरते. म्हणे, "बाबा, किसान आपत्ति दे ही रहे हैं ना. मग तुमचं नाव काहून पाहिजे? इतना ओवरथिंक मत करो."

मी म्हटलं, त्यांची हरकत बाबू घेतच नाही. यादीत ते शेतकरी नाहीत. कम्प्यूटरमध्ये तलाव आहे, आणि तलावाचा मालक मी.

 शोभा म्हणे, "सात वर्षं राहिली रिटायर व्हायले. मंग काय करसान? या खोलीतच बसून रहासान का ठोकळ्यायसोबत?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

 तीन शहरांचे नकाशे मला करायचे आहेत. हे कोणाला बोललो नाही, इथे लिहितो. करायचे आहेत. मला येतात.

२ डिसें.

दुसरी पाळी होती. सकाळी सातला हल्के दादांकडे गेलो. ते हरभऱ्यात वाकून शेंडे खुडत होते, भाजीसाठी.

"दादा, वो नक्शा बनानेवाला मैं हूँ."

त्यांनी खुडणं थांबवलं नाही. दोन-तीन झाडं पुढे गेले. "तो तुमई आओ."

"जी, मैं ही."

"ऊ इतवार खों काय नईं बताई?"

मी त्यांच्यामागे हरभऱ्यात उतरलो.

मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि बोट दाखवत सुटले. जे काय आय? गहू. जे? हरभरा. जे? हरभरा. "नईं, मसूर." ते? गहू. ते पल्याडलं? वाटाणा. शाळेत उभं करतात तसं, सकाळच्या उन्हात, सूनबाईच्या देखत. मी सगळं सांगितलं. एक चुकलो.

"मसूर याद रखियो," म्हणे. "बाकी ठीक है. अब लिख दो."

शेंड्यांची एक पुडी बांधून दिली. नको म्हणता आलं नाही.

३ डिसें.

हरकतीचा मसुदा. प्रज्ञा टाइप करते, मी सांगतो, हिंदीत.

तिनं लिहिलं: 'तकनीकी कारणों से कुछ विसंगति.' खोडायला लावलं. तिनं लिहिलं: 'उपलब्ध चित्रों की सीमा के कारण.' खोडायला लावलं. म्हणे, "बाबा, इतना सीधा कोई नहीं लिखता."

शेवटी: "पृष्ठ १८७ पर उल्लिखित नक्शा मैंने बनाया है. उसमें १,८९४ वर्गों में जल दिखाया गया है. वहाँ खेत हैं. यह भूल मेरी है. मैंने वर्ष के केवल एक पखवाड़े के चित्र देखे और उस जगह गया नहीं."

पुढे दोन्ही आकडे, रस्त्यासकट आणि रस्त्याविना. रस्त्याविनाचे ९६ पण लिहिले. प्रज्ञा म्हणे, ते कशाला, त्यानं आपलीच बाजू कमी होते. म्हटलं, शहाण्णव आहेत म्हणून.

जोडपत्र: फेब्रुवारीचं चित्र, चाकाची मोजणी, शेतांचा उतार. चौदा पानं.

"गया नहीं" हे दोन शब्द टाइप करताना ती माझ्याकडे बघत नव्हती. बरं केलं.

५ डिसें.

अर्धी सुट्टी. हल्के दादा जीपनं आले, बरोबर सात-आठ जण. एक्केचाळीस घरांपैकी अडतीस सह्या-अंगठे. तीन नाहीत. त्या तिघांना रस्ता पाहिजे. जमिनीला भाव येईल, मुलं शहरात आहेत, बांध कोण घालणार. तिघांतला एक दादांचा धाकटा मुलगा.

"ऊ की भी बात झूठी नईं," दादा म्हणे. "मिट्टी में कौन पाँव धरत अब." 

बाबूनं माझ्या अर्जाचं पहिलं पान वाचलं, मग वर माझ्याकडे बघितलं.

"आप पीड़ित हैं?"

"नहीं."

"जमीन है वहाँ?"

"नहीं."

"फिर आपत्ति किसके खिलाफ?"

"नक्शे के."

"नक्शा किसका?"

"मेरा."

त्यानं शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून दाखवला. तो म्हणे, ले लो यार, इनका खुद का मामला है. शिक्का बसला. पावती घेतली. अडतीस जणांची माझ्या अर्जाला जोडून घेतली, कारण स्वतंत्र घ्यायला ते अजूनही यादीत नाहीत.

बाहेर येऊन सगळ्यांनी चहा घेतला. पैसे दादांनी दिले, मला देऊ दिले नाहीत. कोणी माझ्याशी फार बोललं नाही. ठीक.

६ डिसें.

सकाळी पांढरा शर्ट, शोभाची पांढरी साडी. पुतळ्यापाशी जाऊन आलो. मेणबत्ती वाऱ्यानं दोनदा विझली, तिसऱ्यांदा राहिली. दुपारी झोपलो. बाकी काही लिहायचं नाही.

७ डिसें., रवि.

घरीच. प्रोग्राममध्ये नवी ओळ: पाण्याचा चौकोन पायी तपासल्याशिवाय 'कायम' धरायचा नाही. १,३१३ ओळी झाल्या.

दमोह रोडकडचे, पाटणकडचे निळे चौकोन पण बघावे लागतील. तिकडेही हवेली आहे, दादा सांगत होते. किती एकर, आज माहीत नाही. माझ्या चुकीला कडा कुठे आहेत ते मलाच सापडलेलं नाही.

९ डिसें.

संध्याकाळी प्रज्ञानं मसुद्याची इंटरनेटवरची प्रत उघडून दाखवली. पान १८७. माझी ओळ नाही. वरची ओळ आणि खालची ओळ जवळ आल्या आहेत, मध्ये जागासुद्धा ठेवलेली नाही. नकाशा तोच आहे, तलावासकट.

शोभा म्हणे, "म्हणजे नाव काढलं अन् चूक ठेवली."

"सुनावणी व्हायची आहे अजून."

"कधी?"

"जानेवारीत म्हणतात. तारीख लावलेली नाही."

ती कपडे घड्या करत राहिली. थोड्या वेळानं म्हणे, "त्यायले लिहा ना एक, की नाव परत टाका." म्हटलं, चुकीच्या नकाशाखाली काहून टाकायचं. म्हणे, तेही खरं आहे.

११ डिसें.

हल्के दादांनी शेजाऱ्याच्या फोनवरून विचारलं, फैसला झाला का. नाही म्हटलं. गहू कसा आहे विचारलं. चांगला आहे, म्हणे, थंडी पडली पाहिजे. धाकटा परवा भांडून बायकोच्या माहेरी गेलाय. ते त्यांनी असंच, गव्हानंतर सांगितलं.

सुनावणीत माझा अर्ज वाचतील की नाही, वाचला तर रस्ता सरकेल की नुसताच तलाव पुसतील, काही सांगता येत नाही. तलाव पुसला आणि रस्ता राहिला तर १,१४०. तो आकडा पण माझाच.

१३ डिसें.

अभिषेकजींचा फोन, दुपारच्या सुट्टीत. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"सर, मैं आज भी आपके लिए बोल रहा हूँ ऊपर. सुनवाई से पहले आपत्ति वापस ली जा सकती है. एक पन्ने का आवेदन होता है. कारण भी नहीं लिखना पड़ता. किसानों का जो है वो चलता रहे."

म्हटलं, किसानों का मेरे कागज से नत्थी है. मेरा निकला तो उनका भी निकलेगा.

"वो हम देख लेंगे."

"आप नहीं देख पाएँगे, अभिषेकजी. वो लिस्ट में नहीं हैं."

ते हो म्हणाले. मग म्हणे, सोमवारपर्यंत जागा धरून ठेवतो. म्हटलं, धरू नका. दुसऱ्या कोणाला द्या, पण त्याला सांगा की फेब्रुवारीचं चित्र बघ.

मशीनवर परत आलो. हात काळे होते म्हणून आकडा तेव्हा लिहिला नाही, आता लिहितो. दोन वर्षं, तीन शहरं, पहिल्या पानावर नाव, महिना पंचावन्न हजार. चोवीस महिन्यांचे तेरा लाख वीस हजार. नाही म्हटलं.